मे महिन्यात दोघांनीच कोठे जावे? सहा दिवस, २२,००० रुपये आणि सोलापूरहून प्रवास

(प्रश्न विचारणाऱ्याची आणि उत्तरे देणाऱ्यांची ओळख सोलापुरातील त्यांच्या वस्तीच्या नावाने दिली आहे.)

जुळे सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही मुले आजोळी विजयपूरला जाणार असल्यामुळे मला आणि पत्नीला सलग सहा दिवसांची मोकळीक मिळत आहे. गेल्या सतरा वर्षांत आम्ही जेथे जेथे गेलो, तेथे एक तर देवदर्शन होते, नाही तर कोणाचे तरी लग्नकार्य. केवळ दोघांनी, केवळ विश्रांतीसाठी असा प्रवास आमच्याकडून कधी झालाच नाही. तो या वेळी करावा असे ठरले आहे, पण कोठे जावे यावर मात्र आठवडाभर चर्चा होऊनही एकमत होत नाही.

आमच्या अडचणी आधीच सांगतो, म्हणजे उत्तरे देणाऱ्यांचा वेळ वाया जाणार नाही. मी एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. प्रवास, राहणे, जेवणखाण आणि फिरणे असे सर्व धरून २२,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यापेक्षा अधिक खर्च झाला तर जूनमधील शाळेच्या फीला हात लावावा लागेल. पत्नीचा उजवा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे सपाटीवर तासभर चालणे तिला जमते, पण सततची चढउतार जमत नाही. रात्रीची बस आम्हा दोघांनाही सोसत नाही. जेवण शाकाहारी हवे. आणि मुख्य म्हणजे हवा थंड हवी, कारण मे महिन्यात येथील पारा ४२ अंशांच्या खाली उतरायला तयार नसतो आणि रात्री बारा वाजता गच्चीवर अंथरूण घातले तरी फरशीची धग पाठीला लागते.

सध्या महाबळेश्वर, माथेरान आणि उटी अशी तीन नावे समोर आहेत. धाकटा भाऊ कोकणात जा म्हणतो. महाबळेश्वरला आम्ही बारा वर्षांपूर्वी नातेवाइकांबरोबर गेलो होतो. तेथे छायाचित्रात दाखवलेली खोली एक आणि प्रत्यक्षात हाती आलेली दुसरीच, असा अनुभव आल्यामुळे पत्नीच्या मनातून ते ठिकाण उतरले आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सात रस्ता

आपण अडचणी इतक्या नेमकेपणाने मांडल्या आहेत की उत्तरही नेमकेच द्यायला हवे. प्रथम भावाच्या सूचनेचा निकाल लावतो. कोकणात मे महिन्यात आंबे मिळतात, फणस मिळतात, पण थंडावा मिळत नाही. तेथे तापमापकावर ३३ किंवा ३४ अंश दिसले तरी हवेतील दमटपणामुळे अंगाला घामाच्या धारा लागतात आणि आपल्यासारख्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला ते ३४ अंश येथल्या ४२ पेक्षा अधिक जड जातात. शिवाय मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागला की जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्याही बंद होतात. कोकण डिसेंबरासाठी राखून ठेवावे.

आता थंडाव्याचा हिशेब. आपण हिशेबनीस आहात, म्हणून हा आपल्याला आवडेल असे वाटते. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. माथेरान ८०० मीटर, म्हणजे केवळ उंचीचा फायदा दोन-सव्वादोन अंशांचा. तेथे जो गारवा जाणवतो तो मुख्यतः दाट झाडीचा आणि मोटारी नसल्याचा. पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याहून थोडे वर, म्हणजे फायदा साडेपाच ते सहा अंशांचा. उटीच्या अलीकडचे कुन्नूर १,८५० मीटर, म्हणजे नऊ अंश. उटी २,२४० मीटर, म्हणजे साडेअकरा अंशांहून अधिक. वारा, पाऊस आणि झाडी यांमुळे हे आकडे प्रत्यक्षात मागेपुढे होतात, परंतु जाहिरातीतील ढगांच्या चित्रांपेक्षा हा हिशेब अधिक विश्वासाचा आहे.

दुसरा हिशेब खिशाचा. बहुतेक लोक गाडीभाड्याची चिंता करतात, पण माझ्या अनुभवात दोघांच्या सहलीत पैसे खरे जातात ते हंगामातील खोलीत आणि स्थानिक टॅक्सीत. चौघे असले की टॅक्सीचे भाडे चौघांत विभागले जाते, दोघांना मात्र ते पूर्ण भरावे लागते. म्हणून ठिकाण निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: खोलीतून बाहेर पडल्यावर टॅक्सी न करता दिवस घालवता येईल का? माथेरानला येईल, कारण तेथे मोटारींना बंदीच आहे. पण मोटारी जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचा सुमारे अडीच-तीन किलोमीटरचा रस्ता, लाल माती आणि प्रत्येक पॉइंटाकडे जाणारी पायवाट वहिनींच्या गुडघ्याला मानवेल असे वाटत नाही. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत छोटी रेल्वेगाडी असते, परंतु मेमधील गर्दीत तिच्यावर भिस्त ठेवून जाणे धोक्याचे आहे.

माझे मत कुन्नूरला आहे, उटीला नाही. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते आणि सुमारे चोवीस तासांत कोइमतूरला सोडते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोइमतूरला जाणारी गाडीही सोलापूरमार्गेच आहे. कोइमतूरहून मेट्टुपालयम पस्तीसेक किलोमीटर. तेथून निलगिरीची डोंगरी रेल्वे निघते. ही रेल्वे १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली. एकूण ४६ किलोमीटरच्या वाटेवर १६ बोगदे आणि अडीचशे पूल आहेत. चढ इतका तीव्र आहे की कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवलेली असून इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकत वर चढते. २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मेट्टुपालयमहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळाले तर भाग्य समजावे, न मिळाल्यास सरकारी बसने कुन्नूर गाठावे आणि कुन्नूर ते उटी हा टप्पा रेल्वेने करावा, कारण तेथे तिकीट मिळण्याची शक्यता बरी असते. कुन्नूरला मुक्काम, एक दिवस उटी, एक दिवस सिम्स पार्क आणि चहाचे मळे. टॅक्सी फक्त एका दुपारपुरती. उटीत मेमध्ये पुष्पप्रदर्शनामुळे जी जत्रा भरते, तिच्यात खोली शोधत हिंडण्यापेक्षा हे कितीतरी शांत.

दोन सूचना. २०२४ च्या मे महिन्यापासून निलगिरीत खासगी वाहनाने जाणाऱ्यांना ई-पास घ्यावा लागतो. बसने आणि रेल्वेने जाणाऱ्यांना ती कटकट नाही. आणि त्या जिल्ह्यात प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी असून तपासणी कडक असते, म्हणून घरून स्टीलची बाटली न्यावी. दुपारनंतर तेथे वळवाच्या सरी येतात, त्यामुळे छत्री आणि स्वेटर दोन्ही हवे. सोलापुरी चादर नेलीत तर उत्तमच. आपली वस्तू आपल्यालाच मेमध्ये पांघरता यावी, यासाठी १,२०० किलोमीटर जावे लागते ही गोष्ट वेगळी.

पूर्व भाग

उटीपर्यंत जाण्याची गरज आहे का, याचा विचार व्हावा. वहिनींचे माहेर विजयपूरचे आहे, म्हणजे कानडी घरचीच. मग मैसूरला जावे. गोलगुंबज एक्सप्रेस सोलापूरहून थेट मैसूरला नेते आणि वाटेत विजयपूर लागते, त्यामुळे मुलांना आजोळी सोडण्याचे कामही त्याच प्रवासात होऊ शकेल. मैसूर थंड हवेचे ठिकाण नाही हे मान्य करतो, पण सुमारे ७६० मीटर उंचीमुळे आणि मेमध्ये पडणाऱ्या वळवाच्या पावसामुळे संध्याकाळ सुखाची होते. शहर सपाट आहे, खानावळी स्वच्छ आणि स्वस्त आहेत, आणि रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर जी दिव्यांची रोषणाई होते ती पाहायला बाहेरून काही खर्च येत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्यावी: कर्नाटकातील बसमध्ये महिलांना जो मोफत प्रवास मिळतो तो त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. वहिनी माहेरच्या भाषेत कितीही गोड बोलल्या, तरी सोलापूरच्या पत्त्याचे आधार कार्ड पाहून वाहक तिकीटच फाडेल.

जुळे सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. उंचीचा हिशेब पत्नीला वाचून दाखवला. तिचे म्हणणे असे की नवऱ्याने सतरा वर्षांत प्रथमच एखादा हिशेब घरच्या उपयोगाचा आणला. मैसूरबाबत तिची अडचण अशी आहे की तिच्या दोन मावशा तेथेच राहतात, आणि मैसूरला जाऊन त्यांच्याकडे उतरले नाही तर रुसवा, उतरले तर पुन्हा नातेवाईकच. तेव्हा मैसूर बाद.

कुन्नूर मात्र मनात भरले आहे. तरीही दोन शंका आहेत. सहा दिवसांतले जवळजवळ अडीच दिवस जाण्यायेण्यात जातील का? आणि स्लीपरच्या डब्यातून गेलो तर मेच्या उन्हात त्या प्रवासाचे काय होईल?

सात रस्ता

दोन्ही शंका रास्त आहेत, आणि पहिल्या उत्तरात मी त्यांना बगल दिली हे कबूल करतो. कोइमतूरची गाडी वाडी, रायचूर, गुंतकल या पट्ट्यातून जाते आणि तो पट्टा मेमध्ये सोलापूरपेक्षा सौम्य नसतो. दिवसा स्लीपरच्या खिडकीतून येणारा वारा हा वारा नसून भट्टीची झळ असते. खिडकी लावली तर डबा तापतो. म्हणून निदान जाताना तरी वातानुकूलित थ्री-टायरचे तिकीट काढावे, पण मग दोघांच्या भाड्याचा आकडा चढतो आणि आपल्या २२,००० पैकी मोठा वाटा रेल्वेतच संपतो.

आरक्षणाचेही गणित आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, पूर्वीसारखे १२० दिवस आधी नाही. शिवाय हे ६० दिवस गाडी जेथून सुटते तेथील तारखेपासून मोजतात. जी गाडी रात्री पुण्याहून सुटून मध्यरात्रीनंतर सोलापूरला येते, तिच्या बाबतीत आपण सोलापूरची तारीख धरून बसलात तर आरक्षण एक दिवस आधीच उघडलेले असते आणि मेमधील जागा तेवढ्यात संपलेल्या असतात. माझ्या मेहुण्यांची अशीच फसगत झाली होती. तात्काळच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. आपल्याला आठ दिवस मिळाले असते तर मी कुन्नूरचाच आग्रह धरला असता. सहा दिवसांत मात्र मीही आता तितका ठाम नाही.

निवृत्त शिक्षिका, विजापूर रस्ता

चर्चा वाचत होते, पण ज्या ठिकाणाचे नाव येईल असे वाटत होते ते आलेच नाही, म्हणून लिहिते. आपण भिलारला जावे. महाबळेश्वरला नव्हे, भिलारला. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना काही किलोमीटरवर, मुख्य रस्त्यापासून थोडे आत हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने त्याला ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून घोषित केले. गावातील घरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तकांची दालने मांडलेली आहेत. प्रत्येक घराला वाङ्मयाचा एखादा प्रकार वाटून दिला आहे, म्हणजे एका घरी कविता, दुसऱ्या घरी चरित्रे, तिसऱ्या घरी इतिहास. कोणीही यावे, पुस्तक उचलावे, ओसरीवर बसून वाचावे; त्याचे पैसे पडत नाहीत. गावात घरगुती राहण्याची सोय होते आणि जेवण घरचेच असते, तेव्हा शाकाहाराची काळजी नको.

मी आणि यजमान तेथे चार दिवस राहिलो होतो. ज्यांना दिवसाला सहा पॉइंट पाहायचे असतात त्यांच्यासाठी ते गाव नाही. आम्ही सकाळी फिरायला जायचो, दुपारी वाचायचो, संध्याकाळी एसटीने पाचगणीला उतरून टेबललँडच्या पठारावर बसायचो. यजमानांनी त्या चार दिवसांत दोन जाडजूड चरित्रे संपवली. घरी त्यांच्या हातून वर्तमानपत्रही पुरे वाचून होत नाही. सात रस्ता यांची कसोटी मला पटली, आणि भिलार तिला पुरेपूर उतरते, कारण सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर या मार्गावर एसटीच्या गाड्या दिवसभर चालू असतात आणि टॅक्सी लागतच नाही. महाबळेश्वर पाहायचेच असेल तर तेथील आगारातून स्थळदर्शनाची बस निघते. प्रतापगडला मात्र पायऱ्या आहेत, तेथे गुडघ्याचा विचार करावा.

खर्चाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा सर्वांच्या नजरेतून सुटला आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे आपल्या दोघांचे मिळून प्रत्येक वेळी दीडच तिकीट. उटीच्या रेल्वेत ही सवलत कोठून मिळणार?

मार्गही दिवसाचा आहे. सकाळी सोलापूरहून साताऱ्याची गाडी धरावी. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत ती जाते. थेट महाबळेश्वरची गाडी मिळाली तर उत्तमच, अन्यथा साताऱ्याला बदलावी. म्हसवडपर्यंत ऊन चांगलेच भाजते हे खरे. पण वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागले की दहा-पंधरा मिनिटांत हवेत फरक पडतो, आणि गाडीतील प्रत्येक माणूस न सांगता खिडकी उघडतो. जमल्यास वाईला एक रात्र थांबून ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा व घाट पाहावा. वाई खाली असल्यामुळे तेथे उकडते, म्हणून तो मुक्काम परतीच्या वाटेवर नको, जाताना घ्यावा; आधी उकाडा आणि मग गारवा हा क्रम मनाला बरा वाटतो.

खोलीबाबत वहिनींचा जो जुना राग आहे, त्यावर उपाय एवढाच की सर्व पैसे आगाऊ पाठवू नयेत. एका रात्रीचे पाठवावेत, पोहोचल्यावर खोली पाहावी, न्हाणीघरातील गरम पाण्याचा नळ स्वतः सोडून पाहावा आणि मगच उरलेल्या रात्रींचे बोलावे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी वर चढते आणि दर वाढतात, म्हणून मुक्काम सोमवार ते गुरुवार असा ठेवावा.

सात रस्ता

बाईंनी माझीच कसोटी वापरून मला हरवले. थंडाव्यात कुन्नूर अजूनही तीन अंशांनी पुढे आहे, पण त्या तीन अंशांसाठी दोन दिवस आणि निम्मे अंदाजपत्रक देणे सहा दिवसांच्या सुटीत परवडणारे नाही.

जुळे सोलापूर

काल रात्री दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले. कुन्नूरला वातानुकूलित डब्याने जाऊन, स्लीपरने परत येऊन, तीन रात्री राहून आकडा २२,००० च्या वर जात होता, आणि तोही तिकिटे मिळतील हे गृहीत धरून. भिलारला चार रात्री आणि वाईला एक रात्र राहूनही माझ्या अंदाजाने पाच-सहा हजार रुपये शिल्लक राहतात. पत्नीला महाबळेश्वर नको होते, पण ‘पुस्तकांचे गाव’ म्हटल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. लग्नाआधी ती विजयपूरच्या ग्रंथालयातून आठवड्याला दोन मराठी कादंबऱ्या आणत असे, हे मला काल समजले. शिल्लक रकमेवर हात न मारता ती कुन्नूरसाठी वेगळी ठेवायची असे ठरले आहे, आणि त्यासाठी आठ दिवसांची रजा मागायची आहे.

रविवारी सकाळी निघून रात्री वाईला मुक्काम, सोमवारी सकाळी भिलार आणि शुक्रवारी परत, असा बेत आहे. बाईंना शेवटचे दोन प्रश्न. वाईहून महाबळेश्वरच्या गाडीत बसल्यावर भिलारच्या फाट्यावर उतरून सामान घेऊन चालता येईल का, की पाचगणीलाच उतरावे? आणि घरून खाण्याचे काही न्यावे का?

निवृत्त शिक्षिका, विजापूर रस्ता

पाचगणीलाच उतरावे. फाट्यापासून गाव फार लांब नाही, पण हातात पिशव्या आणि वहिनींचा गुडघा लक्षात घेता पाचगणीच्या स्थानकावरून रिक्षा किंवा गावात जाणारी एसटी बघावी. जेथे उतरणार आहात त्या घरी आदल्या दिवशी दूरध्वनी करून ठेवला तर ते घ्यायलाही येतात, आमच्यासाठी आले होते. खाण्याचे म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अवश्य न्यावी. प्रवासात उपयोगी पडतेच, शिवाय आम्ही नेलेली चटणी घरमालकीणबाईंनी चाखली आणि निघताना जांभळांची पिशवी हातात दिली. मेमध्ये स्ट्रॉबेरी संपत आलेली असते, तिची वाट पाहू नये. जांभळे, करवंदे आणि तुती मिळतील. वाचनाचा चष्मा विसरू नका. यजमान विसरले होते आणि पहिली अख्खी दुपार माझाच चष्मा त्यांच्या नाकावर होता.